सहा बैलांचा गाडा

आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या खिळ्याला एक स्टॉपवॉच लटकतंय. चावीचं, जाड काचेचं, मळून काळ्या झालेल्या दोरीतलं. आमची मंडळी त्याच्यावर अंडी उकडतात. एके काळी जुन्नर-आंबेगावच्या यात्रांमध्ये या घड्याळाचा काटा कुठं थांबतो याकडं सगळा माळ श्वास रोखून बघत असे. आता फक्त मी बघतो. तेही अंडं कच्चं राहिलं तर दोष घड्याळाचा की बायकोचा, हे ठरवायला. निकाल दर वेळी घड्याळाच्या विरोधात जातो. मला याच घरात राहायचं आहे.

घड्याळ आमच्या दाजींचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. गाव निरगुडसर. गेल्या वर्षी गेले. तेरावं झाल्यावर आक्कानं हे घड्याळ माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "घिऊन जा बाबा. घरात त्याची टिकटिक नको मला." गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करणार आहे. जमेल तेवढा.

आमच्याकडं घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. घाट म्हणजे यात्रेत बैलगाडा पळवायची चढाची वाट. चार बैल, हलका लाकडी गाडा, पुढं घोडी. खाली निशाण पडलं की बैल सुटतात आणि माथ्यावर पोचेपर्यंत सगळा काही सेकंदांचा खेळ. त्या एका पळण्याला बारी म्हणतात. आणि गाड्यात कुणी बसत नाही. जुंपणारे खालीच हात सोडतात, गाडा रिकामा वर जातो. एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. आक्काच्या ते फार उशिरा ध्यानात आलं.

दाजी घड्याळवाले. माथ्यावर खुर्ची टाकून बसायचं, निशाण पडलं की बटन दाबायचं, बैल आले की परत दाबायचं. काम एवढंच. पण त्या दोन दाबण्यांच्या मधे दाजींच्या चेहऱ्यावर जे काही होई, ते मी देवळात डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. त्यांचा आकडा फिरवायची कुणाची छाती नव्हती. एकदा सख्ख्या चुलतभावाचा गाडा त्यांनी मागं टाकला. भावानं बोलणं सोडलं. दाजी म्हणाले, "घड्याळाला भावकी नसती."

घड्याळाला नसतेच. दाजींनाही फारशी नव्हती.

घड्याळ त्यांच्या गळ्यात कायम. चहाला उकळी यायला किती सेकंद, एसटीचं दार उघडायला किती, पाहुण्याला निघतो म्हटल्यापासून निघायला किती. दिवाळसणाला आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा ताट यायला उशीर झाला म्हणून काटा बघून म्हणाले, "सासूबाई, लई सेकंद गेलं."

आई म्हणाली, "जावईबापू, जेवताना बी लावा की घड्याळ. भाकरी किती सेकंदात संपती ते आमाला बी कळंल."

दाजींनी खरंच लावलं. चेष्टा त्यांना कळत नसे. त्यांच्या कानात चेष्टा शिरायला जागाच नव्हती. तिथं सगळी जागा आवाजांनी भरलेली होती. पंपाचा आवाज, ट्रॅक्टरचा आवाज, बैलाच्या नाकपुडीचा आवाज. एक कान पुढं करून, काडेपेटीतल्या काडीनं दुसरा कान कोरत ते ऐकायचे आणि म्हणायचे, "दम न्हाई ह्याच्यात." माणूस असो, बैल असो, इंजन असो, सगळा खेळ दमाचा, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हाही त्यांनी कान पुढं केला होता. काय निदान झालं ते मी विचारलं नाही.

दाजींनी जन्मात शर्यतीचा बैल पाळला नाही. दावणीला दोन गाई, वावरात ऊस आणि टोमॅटो. जन्मभर दुसऱ्यांचे बैल मोजले. मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या, तेव्हा दाजी ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकली मोजायचे. त्याच दिवसांत त्यांनी ती गाडी आणली.

त्या गाडीचं थोडं मागचं सांगायला हवं. आक्काचं लग्न झालं तेव्हा वरातीला घोडेगावच्या एका वकिलांची गाडी मागून आणली होती. लांबडी, दुधाळ रंगाची, विलायती. बोनेट एवढं की त्यावर वाळवण घालावं. मी तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो आणि गाडीमागं वेशीपर्यंत पळालो होतो. बहीण चालली म्हणून नव्हे, पेट्रोलचा वास आवडला म्हणून. आईनं मात्र ती गाडी पाहिलीच नाही. लेकीच्या गळ्यात पडून रडली, आणि डोळ्यावरचा पदर निघेपर्यंत गाडी वळणाआड गेली. तिच्या वाट्याला आला तो नुसता हॉर्न. जाडाभरडा, दोन सुरांचा, बोटीच्या भोंग्यासारखा. पुढं कितीतरी वर्षं आई म्हणायची, "समद्या गावानं बघितली. माझ्याच लेकीला घिऊन गेली आन मलाच दिसली न्हाई."

वकील वारले, मुलं पुण्याला गेली, गाडी पत्र्याखाली पडून राहिली. दाजींनी ती विकत घेतली आणि निरगुडसरला आणली. ओढत नव्हे, चालवत आणली. हे महत्त्वाचं आहे. गाडी चालू होती.

आक्का हळदकुंकू घेऊन बाहेर आली. चाकांवर पाणी घातलं, बोनेटला कुंकू लावलं, मग मागचं दार उघडून सीटवर बसली. एकटीच. दार ओढून घेतलं आणि बराच वेळ उतरलीच नाही. मग काच खाली करून म्हणाली, "आवो, एकदा ह्याच्यातनं मला शिनोलीला न्या. आईच्या दारात उतरायचंय. तिला बघायची हाय ही."

"जाऊ की," दाजी म्हणाले. "त्यात काय. पर हिला चढाला दम लागतोय. जरा दम भरतो हिच्यात, मग जाऊ."

निरगुडसरहून निघालं की मंचर, मंचरहून घोडेगाव, पुढं शिनोली. सकाळी निघालेला माणूस न्याहारीला आईच्या ओट्यावर. त्या वाटेवर गाडीला दम लागावा असा चढ मला अजून सापडलेला नाही.

चालती गाडी दाजींनी दुसऱ्याच दिवशी उघडली.

मी गेलो तेव्हा इंजन गोठ्यात सुतळीच्या पोत्यावर निजलेलं होतं आणि दाजींच्या हातात गोगलगाईच्या शंखासारखं एक बिडाचं धूड होतं.

"पावणं, ह्यो टर्बो."

"कशाला?"

"इंजन धूर सोडतं, त्यो वाया जातो का न्हाई? त्या धुरावर ही भिंगरी फिरवायची. तिकडच्या अंगाची भिंगरी हवा वढती आन इंजनाच्या नरड्यात कोंबती. जितका धूर तितका दम. आन समदं फुकट."

"दाजी, फुकट काही नसतं."

"तुमी बँकेत हायात म्हणून तुमाला तसं वाटतं."

टर्बो भंगारातल्या ट्रकचा होता. त्या गाडीला तो म्हणजे वासराच्या गळ्यात म्हशीचं लोढणं. पण दाजींचं म्हणणं, मोठा असला म्हणजे मोठा दम. इंजनात सहा सिलिंडर एका ओळीत. दाजींनी सहांना सहा नावं ठेवली: हरण्या, सोन्या, ढवळ्या, लक्ष्या, वजीर आणि बादल. "चार बैलांचा गाडा कुनीबी पळवील. आपला सहाचा." कान लावून सांगायचे, "वजीर अंग चोरतोय." मग वजीरचा प्लग काढून, घासून, परत लावून म्हणायचे, "खुराक बदलला." त्या बोटीएवढ्या गाडीत वजीरला काय झालं हे त्यांना लांबून ऐकू यायचं. आक्का स्वयंपाकघरातून तीनदा हाक मारायची ते मात्र यायचं नाही.

टर्बोकडून इंजनाकडं हवा न्यायला त्यांनी ठिबकचे पाइप जोडले. टोमॅटोला पाणी देणारा पाइप इंजनाला हवा देईल, यात त्यांना काही वावगं दिसेना. "पानी काय, हवा काय. वाट दिली की जातंय." पाइप तापला, मऊ पडला आणि शेवयांसारखा लोंबला. मग द्राक्षांचे मांडव करणाऱ्या वेल्डरकडून लोखंडी पाइप करून आणला. जादा झालेली हवा सोडायला ठिबकच्या फिल्टरवरचा व्हॉल्व बसवला. पहिल्याच चाचणीत तो उडाला आणि शेजारच्या पत्र्यावर असा आदळला की शेजारीण घरातली दारं लावून ओरडायला लागली. तिला वाटलं बिबट्या आला. दाजी तिच्या पत्र्यावर चढून व्हॉल्व शोधत होते, आणि खालून ती ओरडत होती, "आलाय वं, आलाय, पत्र्यावर चालतोय!"

हसायला येतं. मीही तेव्हा पोट धरून हसलो. शिनोलीला येऊन आईला सांगितलं, तीही हसली. मग म्हणाली, "म्हंजी अजून वेळ हाय म्हण की."

आमच्याकडं पोळा भाद्रपदात. एका पोळ्याला गावचे बैल सजून निघाले, तेव्हा दाजींनी बोनेटला हिंगूळ लावला, आरशांना गोंडे बांधले, आणि इंजनाचा निम्मा भाग गोठ्यात असलेली ती गाडी ट्रॅक्टरनं ओढत मारुतीच्या देवळावरून मिरवून आणली. यंत्राची पूजा दसऱ्याला असते, हे आक्कानं सांगून पाहिलं. दाजी दुखावले. "ही काय यंत्र हाय?" आक्कानं मुकाट पुरणपोळी केली. दाजींनी ती आधी रेडिएटरला दाखवली, मग स्वतः खाल्ली. आक्काला जेवलीस का, हे विचारायचं राहिलं. तसं ते नेहमीच राहायचं.

शिनोलीचं आमचं घर भीमाशंकरच्या रस्त्यावरच. आई ओट्यावर बसायची. श्रावणात गाड्यांची रीघ लागते. एखादी मोठी गाडी घरघरत आली की आई विचारायची, "ही आपली का रं?" मी म्हणायचो, "नाही आई, ही मुंबईची." तिची नजर हळूहळू जात होती. आधी रंग गेले, मग आकार. पुढं नुसता उजेड-अंधार राहिला. तरी आवाज आला की मान वळायची.

ती दाजींना फोन लावायला सांगायची. "जावईबापू, कुठवर आली गाडी?"

दाजी सासूला टाळत नसत. अगदी मनापासून सांगायचे, "आई, हेड गॅस्केट उडालं. हवा जास्ती झाली. आता दोन लावतोय, येकावर येक."

फोन ठेवून आई आमच्या बायकोला सांगायची, "येकावर येक दोन लावल्यात म्हणं. आता येतील."

माझ्याकडं एक छोटी पांढरी गाडी आहे. दाजी तिला डबी म्हणायचे. आक्का सणासुदीला माझ्या डबीतून यायची, कधी एसटीनं यायची. पण ते येणं तिच्या हिशेबात नव्हतं. "तसं येनं येगळं," ती म्हणायची. "त्या गाडीनं नेलं ना, त्याच गाडीनं माघारी सोडू दे एकदा. आईनं हात लावू दे. मग गेली भंगारात तरी चालंल." जन्मात तिनं नवऱ्याकडं तेवढंच मागितलं होतं. ती मागणी दाजींनी कधी नाकारली नाही. नाकारली असती तर बरं झालं असतं. माणूस दुसरी सोय बघतो.

मग शर्यती परत सुरू झाल्या. दाजी घड्याळाला चावी देऊन, नवी दोरी लावून गेले. माथ्यावर दोन खांब उभे होते आणि मधून लाल उजेडाची रेघ. बैलांनी रेघ तोडली की आकडा आपोआप पाटीवर. दाजींना मान दिला, नाही असं नाही. टोपी-टॉवेल दिला, नारळ दिला, पुढच्या रांगेत खुर्ची दिली. दाजी दिवसभर बसले. गळ्यात घड्याळ, हातात नारळ. बटन एकदाही दाबलं नाही. मी शेजारी होतो. घरी निघताना म्हणाले, "पावणं, आता मीच पळणार घाटात. बघू त्यांची रेघ काय म्हणती."

त्या दिवसापासून दम भरायचं काम मागं पडलं आणि वजन उतरवायचं सुरू झालं. स्टेपनी गेली. पुढचं दुसरं सीट गेलं. दारांच्या आतले पत्रे गेले. दाजींनी भाकरी अर्धी केली, कारण सगळ्यात जड माल तेच होते. "खरं म्हंजी मी बसतोय हेच चुकतंय," ते म्हणायचे. "पर स्टेरिंग कोन धरणार?"

शेवटी मागचं सीट गेलं.

आक्का गोठ्याच्या दारात उभी राहिली. "सीट काढलं?"

"चार बोल्टवर तर हाय," दाजी म्हणाले. "बारी झाली की चार बोल्ट आवळायचे, सीट जाग्यावर. घाटातनंच परस्पर शिनोलीला जाऊ. सांग आईला."

सीट गोठ्याच्या कोपऱ्यात पडलं. कोंबडीनं त्यावर अंडी घातली आणि ठाण मांडलं. आक्का मला म्हणाली, "चला, कुनीतरी बसलं." आणि असं हसली की मी गाईंकडं बघायला लागलो.

पण तिनं विश्वास टाकला. हे मला अजून खुपतं. यात्रा ठरली तशी तिनं कोंबडी हाकलली, सीट साबणानं घासलं, उन्हात तापवलं आणि हिरव्या कापडाचं कव्हर शिवलं. चार बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून, पुसून पदराच्या गाठीत बांधले. आईला फोन केला, "उद्या येते गं. त्याच गाडीतनं."

लोणीच्या अंगाची ती यात्रा. कमिटी म्हणाली, आधी बैलांच्या सगळ्या बाऱ्या होऊ द्या, मग तुमचं काय ते करा. ऊन कलताना दाजींची गाडी घाटाच्या पायथ्याला लागली. दाजींनी वजन नको म्हणून चपला काढल्या, टोपी काढली. घड्याळ तेवढं गळ्यात. भोंग्यावरचा पुकारणारा खुशीत आला होता.

"आता बघा मंडळी! निरगुडसरचे घड्याळवाले! जन्मभर दुसऱ्याचे बैल मोजले, आज तेच्यावर घड्याळ लागलंय! सहा बैल हायेत राव, शिंग एकाला बी न्हाई! घोडीवाले, घोडी बाजूला घ्या, बिचारी लाजंल!"

निशाण पडलं. आणि काहीच झालं नाही. गाडी ऊस भरलेल्या ट्रॉलीसारखी कण्हत निघाली. लोक हसायला लागले. "अवो, चाबूक हाना!" पुकारणारा म्हणाला. मग बोनेटखालून एक शिट्टी आली. बारीक, वर वर चढत गेलेली. आणि त्या म्हाताऱ्या गाडीला मागून कुणी लाथ घालावी तशी ती उसळली. धूळ, दगडगोटे, काळा धूर, आणि त्या सगळ्यातून दुधाळ रंगाचं ते बोनेट आमच्याकडं वर येत होतं, खरंच सहा बैल जुंपल्यासारखं. पुकारणारा शब्द विसरला. रेघ तुटली. पाटीवर आकडा आला, आणि माळावरच्या लोकांनी जो ओरडा केला तो मी अजून विसरलेलो नाही. चांगल्या बैलगाड्यांच्या पंक्तीला बसेल असा आकडा होता.

लोकांनी दाजींना उचललं, भंडाऱ्यानं पिवळं केलं. अनवाणी, उघड्या डोक्याचे दाजी रडत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची वेळ घेतली होती. मला भरून आलं. ही माझी नेहमीची अडचण आहे. ज्या माणसावर चिडायचं मी ठरवतो, तो ऐन वेळी रडतो.

आक्का गर्दी ओसरेपर्यंत थांबली. शेजाऱ्याच्या पिकअपमधून ती सीट घेऊन माथ्यावर आली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी. मी आणि पिकअपवाल्यानं सीट उचलून गाडीपाशी नेलं. तिनं मागचं दार उघडलं.

सीटच्या जागी निळी टाकी होती. फवारणीची मोठी टाकी. खाली लोखंडी चौकट वेल्डिंग करून पक्की केलेली, वर नळ्या.

"हे काय?"

"टर्बोची हवा तापती," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा अजून पिवळा, अजून आनंदी. "ती गार करायला पानी लागतं. त्याच्यामुळं तर पळाली."

"आन सीट कुठं बसवायचं?"

"अगं, तिथं टाकी आलीय."

"बोल्टाची भोकं?"

"ती गेली चौकटीखाली. लई दिवस झालं की. तवापासनं गाडी वेल्डरकडंच व्हती न्हवं."

"सांगितलं न्हाई मला."

दाजींनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. "राह्यलंच बघ."

"मग मी कुठं बसू?"

दाजींनी तिच्याकडं पाहिलं. टोचून बोलायचं म्हणून नव्हे, चेष्टा म्हणून तर नव्हेच, कुणी अगदी उघड गोष्ट विचारावी आणि आपल्याला नवल वाटावं तसं ते म्हणाले, "गाड्यात कुनी बसतंय व्हय?"

भोवतीचे लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

आक्का नाही हसली, रडलीही नाही. पदराची गाठ दातानं सोडली, चार बोल्ट काढले आणि तापलेल्या बोनेटवर एकेक करून मांडले. मग मला म्हणाली, "तुझी डबी कुठं लावलीस?"

सीट तिथंच धुळीत राहिलं. आम्ही निघालो. ती मागं बसली होती, मी पुढं. मंचर आलं तेव्हा मी म्हणालो, "आक्का, उसाचा रस घ्यायचा का?" अशा वेळी माणसानं काय बोलावं हे मला कधीच सुचलेलं नाही. मला उसाचा रस सुचतो. ती म्हणाली, "चल बाबा."

शिनोलीला आई ओट्यावर बसली होती. आमच्या बायकोनं सांगितलं, सकाळपासूनच बसलीय, जेवायलाही आत आली नाही. अंगावर धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले. गाडीचा आवाज आला तशी भिंतीला धरून उठली.

"आली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, "आली, आई."

आई पायऱ्या उतरली. हात पुढं करून चालत आली आणि माझ्या डबीच्या बोनेटवर तिनं दोन्ही तळवे ठेवले. चाचपत चाचपत ती टोकापर्यंत गेली. टोक लगेच आलं.

"केवढीशी गं ही," आई म्हणाली. "समदी म्हणत व्हती, लई लांबडी हाय."

"वय झालं तिचं, आई. आकसली."

"व्हय. आकसतंय समदं." आई मागच्या दाराशी पोचली, सीटवर हात फिरवला. "मऊ हाय." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "वाजव रं जरा. हॉर्न वाजव."

माझ्या डबीचा हॉर्न म्हणजे जत्रेतली पिपाणी. दुसरा इलाज नव्हता. वाजवला. आई मान कलती करून ऐकत राहिली. तो विरल्यावरही ऐकत राहिली.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्योच त्यो."

त्या गाडीचं आईनं जन्मात एकच काय ते ऐकलं होतं, तो हॉर्न. तेवढा तिला चुकणं शक्य नव्हतं. आक्कालाही ते कळलं असणार. तिनं आईचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मी गाडीतच बसून राहिलो. उतरून काय करायचं होतं?

त्या पावसाळ्यात आई गेली.

दिवसकार्यं उरकली, आणि काही दिवसांनी दाजींचा फोन आला. "पावणं, या जरा." गेलो. गाडी ओट्यासमोर धुऊनपुसून उभी. टाकी गेलेली, चौकट कापून काढलेली, कापल्याच्या खुणा कानशीनं घासलेल्या. मागं सीट, त्यावर तेच हिरवं कव्हर. पुढचंही सीट परत आलं होतं. दाजी परीटघडीच्या कपड्यांत, डोक्यावर टोपी. माणसाला कधीच काही कळत नाही असं नाही. कळतं. सेकंद निघून गेल्यावर कळतं, एवढंच.

त्यांनी इंजन चालू केलं. उतरून मागचं दार उघडलं. आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"चल," दाजी म्हणाले, आणि सवयीनं गळ्यातल्या घड्याळाचं बटन दाबलं. "शिनोलीला जाऊ."

आक्कानं मान वर केली. गाडीकडं बघितलं, सीटकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"कुणाकडं?" ती म्हणाली.

मी तिथंच उभा होतो. शिनोलीचं ते घर माझंच आहे, दाराला माझं नाव आहे, आत तिची भावजय आहे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. या वेळी उसाचा रससुद्धा सुचला नाही.

आक्का परत शेंगा फोडायला लागली. गाडी उभ्या जागी चालू होती. सहाही बैल, वजीरसकट, एका ठेक्यात. दाजी दार धरून उभे होते आणि त्यांच्या छातीवर काटा फिरत होता. तो थांबवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.